अप्पांचा ज्वारीचा पाव

रुद्राणी रागीट आहे हे वडवणीत दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. पुढं गिरणी, मागं घर, मधे एक पत्र्याचं दार. मोटर थांबली की स्वयंपाकघरातलं बोलणं पुढं ऐकू यायचं, आणि त्यात रुद्राणीचा आवाज सगळ्यांत वर असायचा. नवरा राजेश्वर तिला कधी उलटून बोलत नसे. तो सरळ उठायचा आणि मोटर चालू करायचा.

हा राग तिच्या अंगात जन्मापासून नव्हता. परळीकडच्या माहेरी ती नववीत असताना तिच्या आजोबांनी खोकल्यानं अंथरूण धरलं. डोळे मिटायच्या आत नातीचं लग्न बघायचं, एवढंच ते म्हणत राहिले. घरातल्यांनी धावपळ करून स्थळ गाठलं, मुहूर्ताची वाट न बघता अक्षता टाकल्या आणि पंधरा वर्षांच्या रुद्राणीला वडवणीला पाठवून दिलं. पुढच्याच आठवड्यात आजोबा उठून बसले. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. रुद्राणीच्या तिसऱ्या बाळंतपणाला ते स्वतः एस.टी.नं आले आणि बाजेवर बसून चार पेढे खाऊन गेले. त्या दिवशी बाळंतिणीच्या खोलीत रुद्राणी का रडतेय ते कुणाला कळलं नाही. सगळ्यांना वाटलं, आजोबा भेटले म्हणून.

सत्त्याण्णव सालच्या पावसाळ्यात तिचे सासरे मन्मथप्पा यांना लकव्याचा झटका आला. गिरणी त्यांनीच उभी केलेली. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून सकाळी सातला ते गिरणीचा पट्टा चढवायचे, ते संध्याकाळी सगळ्या अंगाला पीठ लागलेले असे घरात यायचे. घरात त्यांचा शब्द शेवटचा. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळं अप्पांचं सगळं रुद्राणीकडंच आलं. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं. पण सगळ्यांत वाईट म्हणजे घास चावेना. गालाच्या एका बाजूला अन्न तसंच राहायचं आणि मग ठसका लागायचा.

डॉक्टरांनी मऊ खायला द्या म्हणून सांगितलं. अप्पांना मऊ म्हणजे आजाऱ्याचं वाटायचं. खिचडी त्यांनी दोन दिवस खाल्ली आणि तिसऱ्या दिवशी थुंकली. गव्हाची पोळी दुधात कुस्करून दिली तर लगदा म्हणाले. त्यांना ज्वारीची भाकरी पाहिजे होती. जन्मभर दोन्ही वेळा भाकरी खाल्लेला माणूस. ज्वारी पोटात गेल्याशिवाय जेवल्यासारखंच वाटत न्हाई म्हणायचे. रुद्राणी भाकरी दुधात भिजत घालायची, पण तिची साल घशाला चिकटायची. अप्पा वाळत चालले. अंगरखा खुंटीला लटकावल्यासारखा दिसायला लागला.

दिवाळीला धाकटा दीर योगीराज मस्कतहून आला. तो तिकडं एका कंपनीच्या गोदामात होता. येताना त्यानं टेपरेकॉर्डर आणला, सेंटच्या बाटल्या आणल्या आणि पाव करायचं मशीन आणलं. पांढरं, बादलीएवढं, वर झाकणाला काच. आत एक डबा, डब्याच्या तळाला एक पातं. पीठ, पाणी, मीठ, साखर आणि पीठ फुगवणारं खमीर घालायचं, बटण दाबायचं. ते स्वतःच मळतं, स्वतःच फुगवतं, स्वतःच भाजतं. साडेतीन तास लागतात. योगीराजनं ते बैठकीत स्टुलावर मांडलं आणि गल्लीतल्या लोकांना बोलावून पहिला पाव केला. मैद्याचा, पांढराफेक. लोक काचेवर वाकून वाकून बघत होते. अप्पांना पहिला तुकडा दिला. त्यांनी तो तोंडात जरा फिरवला आणि बाहेर काढला.

"कापूस हाय," ते म्हणाले. वर खमिराला दारूचा वास येतो म्हणून मशीन देवघराच्या बाजूला ठेवायचं नाही असंही बजावलं.

सुट्टी संपवून योगीराज परत गेला. मशीन टॉवेल घालून कपाटावर चढलं. महागाची वस्तू, उगीच हात लावू नका, असं राजेश्वरनं घरात सांगून ठेवलं.

मार्गशीर्षात एकदा दुपारी अप्पांना भाकरीचा असा ठसका लागला की चेहरा निळा पडला. रुद्राणीनं त्यांना पालथं करून पाठीत बुक्क्या मारल्या तेव्हा घास बाहेर आला. अप्पा धापा टाकत पडले आणि थोड्या वेळानं म्हणाले, भाकरी जाड झालती. चूक तिची. ती स्वयंपाकघरात गेली, पाटावर चढली आणि कपाटावरचं मशीन खाली ओढलं. टॉवेल कुठं पडला ते तिनं पाहिलंसुद्धा नाही.

तिनं डब्यात नुसतं शाळू ज्वारीचं पीठ घातलं. साडेतीन तासांनी निघाला तो दगड. खाली पातं अडकलेलं, वर भेगा. तो इतका जड होता की ताटलीत टाकल्यावर आवाज झाला. राजेश्वरनं तो उचलून गिरणीवर नेला आणि दळणाला आलेल्या माणसांना दाखवला. आमच्या घरी आता विटा भाजायला लागल्यात, घर बांधायचं असंल तर सांगा, म्हणाला. पत्र्याच्या दारातून सगळं हसणं आत आलं. रुद्राणी दारात गेली, सगळ्यांच्या समोर त्याच्या हातातून तो दगड घेतला आणि बाहेर म्हशीच्या टोपल्यात टाकला.

त्या दिवसापासून ती हट्टालाच पेटली. ज्वारी फुगत नाही, कारण तिच्या पिठाला ओढ नसते, हे तिला हातानं माहीत होतं. म्हणून तर भाकरी लाटता येत नाही, थापावी लागते. ओढ असते गव्हाला. मग तिनं निम्मा लोकवन गहू आणि निम्मी ज्वारी घातली. पाव चढला, आणि भाजताना मधेच खचला. वरून बघितलं तर विहिरीसारखा. बाजरी घालून पाहिली, तर दुसऱ्या दिवशी कडू. चिकटपणा येईल म्हणून उडदाचं पीठ जास्त घातलं, तर चपलेचा तळवा झाला. प्रत्येक वेळी म्हैस खूश आणि राजेश्वर गिरणीवर काहीतरी बोलायचा. रुद्राणीला झोप लागायची नाही ती पावामुळं नव्हे, त्या हसण्यामुळं.

त्यात विजेचं दुखणं. वीज मधेच गेली की मशीन सगळं विसरायचं आणि आल्यावर पहिल्यापासून मळायला लागायचं. वीज नाही गेली तरी पुढं गिरणीची मोटर चालू झाली की दाब उतरायचा आणि मशीनचे आकडे विझायचे. एकदा पाव नुकता फुगून काचेला टेकला होता आणि राजेश्वरनं मोटर चढवली. मशीननं ते फुगलेलं पीठ पुन्हा मळून चपटं केलं. रुद्राणी तशीच पिठाच्या हातानं गिरणीत गेली आणि तिनं मेन स्विच खाली ओढला. पट्टा फडफडत थांबला. पायलीभर गहू अर्धवट दळलेला, बाई डबा धरून उभी.

"दुपारी बारा ते चार गिरणी बंद राहील," रुद्राणी त्या बाईला म्हणाली, नवऱ्याला नाही. "सांगा सगळ्यांला."

राजेश्वरनं वाद घातला नाही. घालायचा असता तर मोटर चालू करावी लागली असती, आणि स्विच तिच्या हाताखाली होता.

शेवटी ते जमलं ते उकडीनं. भाकरीसाठी हायब्रीड ज्वारी आली आणि पीठ तुटायला लागलं की ती त्यात आधणाचं पाणी घालून वळवायची. तसंच तिनं इथं केलं. शाळूचं पीठ उकळत्या पाण्यात हाटलं, झाकून ठेवलं, पार निवू दिलं. मग गव्हाचं पीठ त्याच्या दुप्पट, मैदा मूठभर, उडदाचं पीठ चमचाभरच, आणि थोडं ताक. त्या दिवशी काचेतून दिसलं ते ज्वारीच्या रंगाचं, भुरकट, वर छान गोल चढलेलं. घरात भाकरी भाजल्याचा वास सुटला. अप्पांनी पलंगावरून मान वळवली.

तिनं काप काढला, कडा कापून टाकल्या, गरम दुधात बुडवून त्यांच्या तोंडात दिला. अप्पांनी तो जिभेवर ठेवला, गिळला आणि तोंड उघडलं. पुढचा घास दिला. परत तोंड उघडलं. चांगला झालाय असं ते म्हणाले नाहीत आणि तिनं विचारलं नाही.

संक्रांतीपर्यंत अप्पांच्या गालांवर मांस आलं. बोलणं सुधारलं. काठी धरून ते ओट्यापर्यंत यायला लागले. गावात बोलबाला झाला: योगीराजच्या मशीननं म्हातारा उठवला. मस्कतहून फोन आला की नाक्यावरच्या एस.टी.डी.वाल्याकडं राजेश्वर जायचा, आणि योगीराज तिकडून विचारायचा, काय, मशीन चांगलं निघालं ना? राजेश्वर येऊन ते कौतुकानं सांगायचा. रुद्राणी तवा आपटायची.

आता अप्पांना शब्द फुटायला लागले होते, आणि पहिला मोठा शब्द त्यांनी काढला तो ईश्वरीच्या लग्नाचा. ईश्वरी रुद्राणीची थोरली, सतरा वर्षांची, बारावी सायन्सला. तिला बीडला डी.फार्मसी करायचं होतं. तिचं गणित चांगलं होतं, आणि आईसारखं ती तोंडानं बोलत नसली तरी मनातलं सोडत नसे. अप्पांनी राजेश्वरला बसवून घेतलं आणि सांगितलं की आपलं आता काही खरं नाही, एक झटका आलाच आहे, दुसरा कधी येईल सांगता येत नाही. डोळे मिटायच्या आत नातीच्या डोक्यावर अक्षता पडलेल्या बघायच्या. दिंद्रुडला कापडाच्या दुकानवाल्यांचा मुलगा आहे, परीक्षा झाली की उरकून टाका.

रुद्राणी तेव्हा चुलीपाशी होती. शब्द न् शब्द तिच्या आजोबांचेच होते. तिच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं आणि तव्यावरचं थालीपीठ जळून काळं झालं. तिनं राजेश्वरला बाजूला घेऊन सांगितलं, समजावलं, मग भांडली. राजेश्वरचं एकच. आजारी माणसाची शेवटची इच्छा मोडायची कशी? लोक काय म्हणतील?

"माझ्या आज्यानं बी हेच म्हणून मला इथं ढकललं," ती म्हणाली. "अकरा वर्षं जगला तो."

राजेश्वर उठला आणि गिरणीत गेला.

माघात दिंद्रुडचे पाहुणे आले. मुलाचा बाप, चुलता आणि आणखी दोघं. अप्पांना धुतलेला अंगरखा घालून, विभूती लावून बैठकीत लोडाला टेकवून बसवलं होतं. पोह्यांबरोबर राजेश्वरनं पावाचे काप आणि शेंगांची चटणी मांडायला लावली. मशीनही कपाटावरून काढून कोपऱ्यात सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. रुद्राणी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. मुलाच्या बापानं काप खाल्ला, मान डोलावली. हे आमच्या ईश्वरीनं केलंय, असं राजेश्वर म्हणाला. ईश्वरी खाली मान घालून बसली होती. तिनं मान वर केली आणि आईच्या दाराकडं पाहिलं.

पाहुणे हसले. मुलगी हुशार आहे, म्हणाले, आता आणखी शिकून काय करायचं, हे एवढं आलं तर दुकानवाल्याच्या घरी पुरे. फक्त पोरीबरोबर मशीनही द्या म्हणजे झालं. त्यावरही हसणं झालं. मग अप्पांनी डावा हात वर केला.

"उरकून टाका," अप्पा जड जिभेनं म्हणाले. "मला काय आता लई दिवस न्हाईत."

रुद्राणी दारातून बाहेर आली. तिनं पदर डोक्यावर घेतला होता, आवाज चढवला नव्हता. नंतर लोक म्हणाले ती ओरडली. ती ओरडली नव्हती.

"अप्पा, तुमी इतक्यात जात न्हाई," ती म्हणाली. "रोज तुमच्या पोटात काय जातंय ते मला ठावं हाय. शाळू, गहू, उडीद, वर लोणी. परवा तुमी दोन काप जास्त मागितले. तुमच्या मरणाचं कारण दाखवून माझी पोरगी द्यायची न्हाई."

मग ती पाहुण्यांकडं वळली. पाव तिनं न्हाई, मी केलाय, म्हणाली. तिला बीडला शिकायला जायचंय, तुमी पोहे खाऊन घ्या. एवढं बोलून ती आत गेली आणि भांडी घासायला बसली.

पाहुण्यांनी पोहे खाल्ले नाहीत. त्यांची जीप गेल्यावर घरात असा शुकशुकाट झाला की मोटरसुद्धा कुणी चालू केली नाही. दोन दिवसांत ते सगळ्या वडवणीत पोचलं. सुनेनं सासऱ्याच्या तोंडावर मरण काढलं. आठवडी बाजारात ओळखीच्या बायका तिला बघून दुसऱ्या पालाकडं वळल्या. घराण्याचे गुरू जंगम स्वामी येऊन राजेश्वरला समजावून गेले. राजेश्वरनं तिच्याशी बोलणं टाकलं. पाणी पाहिजे असलं तरी लेकरांकडून मागायचा.

आणि अप्पांनी तिच्या हातचं खाणं सोडलं. तिनं पाव करून नेला तर भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिनं मशीन काढलंच नाही. राहू दे उपाशी, असं ती मोठ्यानं म्हणाली, अप्पांना ऐकू जाईल असं.

तेव्हा राजेश्वरनं ठरवलं की आपण करायचा. जन्म पिठात गेलाय, काय अवघड आहे त्यात? अप्पांना ज्वारी आवडते म्हणून त्यानं ज्वारीच जास्त घातली, तीही चक्कीतून निघालेली गरम गरम. बटण दाबलं. तासाभरानं कुणीतरी दळण घेऊन आलं आणि त्यानं सवयीनं जाऊन स्वतःच मोटर चढवली. रुद्राणी ओसरीवर तांदूळ निवडत होती. मशीनचे आकडे विझताना तिनं पाहिलं. ती खडे वेचत राहिली, आणि तो पावही म्हशीलाच गेला.

चौथ्या दिवशी ईश्वरी उठली. पेपर चार दिवसांवर आलेला, केमिस्ट्रीचं पुस्तक उघडं ठेवून तिनं आधण ठेवलं आणि शाळूचं पीठ काढलं. रुद्राणीनं विचारलं कुणासाठी. माहीत असून विचारलं.

"अप्पांसाठी."

"त्यांनी तुला विकायला काढलं होतं, अन् तू त्यांच्यासाठी पाव करतीस?"

"त्यांना भूक लागलीय, आई," ईश्वरी म्हणाली. "तुझं भांडण तू भांड."

रुद्राणीला वाटलं, हिच्या एक थोबाडीत द्यावी. जिच्यासाठी सगळ्या गावाची बोलणी खाल्ली, तीच आज उलट बोलतेय. ती परसात गेली आणि धुणं धोपटायला लागली. सतरंजी धोपटली, धुतलेलीच गोधडी परत धोपटली. खिडकीतून तिला पोरगी दिसत होती. ईश्वरीनं उकड हाटली, झाकण काढलं, आणि वाफा येत असतानाच खमिराचा डबा हातात घेतला.

रुद्राणीनं धोपटणं थांबवलं. तिला गप्प राहायचं होतं.

"निवू दे आधी," ती खिडकीतून ओरडली. "खमीर मरंल त्यात."

ईश्वरीनं डबा खाली ठेवला. पाव जरा बुटका झाला, कारण पोरगी ताक विसरली. अप्पांनी तो खाल्ला. अर्धा खाऊन झाल्यावर त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं, आणि ते लकव्यामुळं की कशामुळं ते कुणालाच कळलं नाही. रुद्राणीला ते पाहूनही राग आला. रडायचं होतं तर आधी रडायचं होतं.

जूनमध्ये निकाल लागला. ईश्वरीला मार्क चांगले पडले. रुद्राणीनं कुणाला न विचारता पिशवीत कागद भरले, पोरीला नवा ड्रेस घालायला लावला आणि ओट्यावरून खाली उतरली. राजेश्वर गिरणीतून येऊन आडवा आला. त्यानं तिच्याशी नव्हे, आत पलंगावर बसलेल्या बापाशी बोलायला सुरुवात केली. अप्पा, ह्या निघाल्यात, काय करू? त्याला हुकूम पाहिजे होता. जन्मभर त्यानं तोच पाळला होता.

अप्पांनी त्याच्याकडं पाहिलं, मग रस्त्याकडं. हो म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. काठी उचलली, परत ठेवली आणि आडवे झाले.

राजेश्वर तसाच उभा राहिला. रुद्राणी त्याच्या बाजूनं गेली. ईश्वरी थांबून अप्पांच्या पाया पडून आली, आणि त्यासाठी रुद्राणी तिला बीड येईपर्यंत बोलत होती. घाटसावळी गेलं तरी तिचं चालूच होतं. ईश्वरी खिडकीबाहेर बघत ऐकून घेत होती. प्रवेश झाला, होस्टेलवर खोली मिळाली. येताना रुद्राणी एकटी होती. बसमध्ये शेजारच्या बाईनं सहज विचारलं, कुठं गेलता, तर ती तिच्यावरही खेकसली.

त्यानंतर अप्पा परत तिच्या हातचं खायला लागले. ईश्वरी नव्हती, दुसरं कोण देणार होतं? राजेश्वर बोलायला लागला तो दसऱ्यानंतर, म्हशीच्या दुधावरून. मस्कतचं खमीर संपल्यावर तो स्वतः बीडला जाऊन एका बेकरीतून आणायचा आणि न बोलता चुलीशेजारी ठेवायचा. बारा ते चार गिरणी बंदच राहिली.

एका दुपारी रुद्राणी अप्पांना भरवत होती. पाव त्या दिवशी फार चांगला झाला होता. अप्पांनी घास गिळला आणि तिचा हात मनगटाशी धरला.

"तुला माझा लई राग हाय," ते म्हणाले.

"हाय," रुद्राणी म्हणाली.

"अजून?"

"अजून."

अप्पांनी हात सोडला. मग त्यांनी तोंड उघडलं, आणि तिनं पुढचा घास दुधात बुडवला.